ऑनबोर्ड ग्राफिक्स, चार ४के मॉनिटर आणि ऐन दिवाळी अंकांचा हंगाम

पार्श्वभूमी

ऑफिस पुण्यातल्या पेठेतलं, जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर, काम डीटीपी आणि पुस्तकांच्या मांडणीचं. नाव सांगत नाही, ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीक गोष्टी बदलल्यात, बाकी जसं घडलं तसं. साल २०१९. मी त्यांच्या मशीनची देखभाल बघतो, पण मॉनिटरची खरेदी त्यांनी परस्पर केली होती, मला फोन आला तो मॉनिटर टेबलावर लागून लोक वैतागल्यावर.

ऑफिसात एकूण सहा मशीन. त्यातली चार असेंबल्ड, आदल्या वर्षी घेतलेली, आय५-८४०० प्रोसेसर, एच३१० चिपसेटचा स्वस्तातला बोर्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक, एसएसडी, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, सगळा भार ऑनबोर्डवर, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर. डीटीपीला तेवढं पुरतं आणि पुरतही होतं. उरलेली दोन ब्रँडेड टॉवर, आठव्या पिढीचीच, एक मालकांच्या केबिनमध्ये मेल आणि कोटेशनसाठी, दुसरं अकाउंट्सच्या मॅडमकडे टॅलीसाठी. ही दोन मशीन लक्षात ठेवा.

४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचे मॉनिटर हवेत कशाला, तर हौस म्हणून नाही, कारण चांगलं होतं. जुने मॉनिटर २२ इंची फुल एचडी, आणि त्यावर डावं-उजवं पान एकत्र बघायचं तर १० पॉइंटचा मजकूर इतका बारीक व्हायचा की 'सर्वांनी' मधला रफार आणि अनुस्वार मिळून एकच काळा ठिपका दिसायचा. 'द्ध' आहे की 'ध्द' पडलाय हे झूम केल्याशिवाय कळायचं नाही. मग झूम करा, सरकवा, परत पूर्ण पान बघा, परत झूम. प्रुफं कागदावर काढून तपासणं चालूच होतं पण प्रत्येक फेरीला कागद आणि टोनर जातोच. २७ इंची ४के वर इंचाला साधारण १६३ पिक्सेल पडतात, जुन्या २२ इंचीवर शंभर-एकशे दोन, त्यामुळे दोन पानं शेजारी ठेवूनही वेलांटी-मात्रा स्वच्छ दिसतात. मालकांनी हे एका ओळखीच्या प्रकाशकाकडे बघितलं, आवडलं, आणि गणपतीच्या आधी एका दुकानातून चार मॉनिटर उचलले, एकेक साधारण तीस हजारांच्या घरात. दिवाळी २७ ऑक्टोबरला, म्हणजे अंकांचं काम सप्टेंबरमध्ये अंगावर येणार, त्याआधी सगळं बसलेलं बरं असा हिशोब. हिशोब चुकीचा नव्हता, पण त्यात चाचणीसाठी वेळ धरलेला नव्हता.

अडचण काय झाली

मॉनिटर लागले, चित्र आलं, रिझोल्यूशन ३८४० बाय २१६० दिसलं, सगळे खुश. तासाभरात पहिली तक्रार. "सर, माऊस ओढल्यासारखा चालतोय हो, हात इथे आणि बाण मागून येतोय." मालक म्हणाले, "अहो नवीन आहे ताई, होईल सवय." सवय झाली नाही. पान सरकवलं की अक्षरं झटक्याझटक्याने पुढे जायची, मजकुराची चौकट ओढून जागेवर सोडायची तर ती पुढेच जाऊन पडायची, आणि संध्याकाळपर्यंत तिथे काम करणाऱ्या दोघींचं डोकं धरलं. त्यात एका मशीनवर जुनी पुस्तकं पेजमेकर ७ मध्ये होती, ते पानं मांडायचं सॉफ्टवेअर २००१ चं, तेव्हा असले पडदे कोणाच्या टेबलावर नव्हते, त्यामुळे विंडोजने ते दीडपट ताणून दाखवलं आणि सगळं धुरकट. म्हणजे ज्या अक्षरांसाठी मॉनिटर घेतला तीच आता आधीपेक्षा वाईट.

मग जे होतं ते झालं. आधी मॉनिटरवर संशय, दोन मॉनिटर अदलाबदल करून बघितले, फरक नाही. मग केबलवर संशय, दुकानदाराने जाड, वेणीवाल्या, सोनेरी टोकांच्या महागड्या एचडीएमआय केबल दिल्या, चारही मशीनला लावल्या, फरक शून्य. मग दुकानदार म्हणाला प्रोसेसरच कमी पडतोय, सहाही मशीन बदला, आणि दोन लाखांच्या आसपासचं कोटेशन पाठवलं. मला फोन आला तो या कोटेशननंतर.

मी गेल्यावर पहिलं काम केलं ते डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघायचं. ३० हर्ट्झ. चारही मशीनवर ३०. जुन्या मॉनिटरवर पडदा सेकंदाला ६० वेळा नवा होत होता, आता निम्मा. टीव्हीवर सिनेमा बघायला ते चालून जातं, सिनेमा तसाही सेकंदाला २४ फ्रेमचा, पण हातात माऊस धरून दिवसभर काम करणाऱ्याला लगेच जाणवतं, आणि जाणवतंय म्हणणारी बाई नखरे करत नसते.

हे ३० आलं कुठून

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा घोळ इथेच आहे आणि दुकानात हे कोणी नीट सांगत नाही.

फुल एचडीमध्ये २० लाख ७३ हजार पिक्सेल, ४के मध्ये ८२ लाख ९४ हजार, बरोब्बर चौपट. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरले आणि सेकंदाला ६० वेळा पाठवायचं म्हटलं तर सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट लागतात, तेही मधल्या रिकाम्या वेळेचा हिशोब न धरता. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट आणि त्यातले प्रत्यक्ष चित्रासाठी ८.१६ उरतात. बसत नाही. ३० हर्ट्झला ६ लागतात, ते बसतात. म्हणून विंडोज गुपचूप ३० वर येऊन थांबतं, कुठली सूचना नाही की इशारा नाही. एचडीएमआय २.० जो २०१३ मध्ये आला त्याची क्षमता १८ गिगाबिट, त्यावर ६० आरामात. आणि डिस्प्लेपोर्ट १.२ (मॉनिटर जोडायचा दुसरा प्रकार), जो त्याच्याही आधी २०१० मध्येच आला, त्यात चित्रासाठी १७.२८ मिळतात, म्हणजे तिथेही ६० सहज.

आता ऑनबोर्डची बाजू. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं नाव 'यूएचडी ग्राफिक्स ६३०'. नावातच यूएचडी म्हटल्यावर दुकानदारापासून मालकांपर्यंत सगळे धरून चालले की ४के चालणार. आणि चालतंही! इंटेलच्या स्वतःच्या माहितीपत्रकात आय५-८४०० समोर दोन वेगळ्या ओळी आहेत: डिस्प्लेपोर्टवर ४०९६ बाय २३०४, ६० हर्ट्झ, आणि एचडीएमआयवर तेच रिझोल्यूशन, २४ हर्ट्झ. चिपमधून थेट निघणारं एचडीएमआय १.४ चंच आहे. एचडीएमआय २.० हवं असेल तर बोर्ड बनवणाऱ्याने डिस्प्लेपोर्टचा सिग्नल एचडीएमआय २.० मध्ये बदलणारी वेगळी छोटी चिप बोर्डावर टाकायची, आणि स्वस्त बोर्डात ती टाकत नाहीत. टाकी भरलेली आहे पण नळ अर्ध्या इंचाचा, अशातली गत. प्रोसेसर बदलून उपयोग नाही, केबल बदलून तर अजिबातच नाही.

खरं तर ऑनबोर्ड ग्राफिक्स आणि दाट पडदे यांची ही ओढाताण जुनी आहे. आयबीएमचा टी२२१ हा ३८४० बाय २४०० चा मॉनिटर २००१ मध्ये आला तेव्हा तो पूर्ण वेगाने चालवायला चार डीव्हीआय जोडण्या लागायच्या, ऑनबोर्डचं तिथे नावही नको. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये अॅपलने १३ इंची रेटिना मॅकबुक प्रो काढला, २५६० बाय १६०० चा पडदा आणि त्याला फक्त इंटेलचं एचडी ४०००, वेगळं कार्ड नाहीच, आणि पहिल्या परीक्षणांपासून लोक बोलत होते की स्क्रोल अडखळतं. २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून मात्र इंटेलच्या ऑनबोर्डने डिस्प्लेपोर्टवर ४के ६० हर्ट्झ द्यायला सुरुवात केली. म्हणजे आमच्या गोष्टीच्या सहा वर्षं आधी हा प्रश्न डिस्प्लेपोर्टच्या बाजूने सुटलेला होता. फक्त आपल्याकडच्या असेंबल्ड पीसीच्या मागे डिस्प्लेपोर्ट नसायचाच, व्हीजीए असायचा, डीव्हीआय असायचा, एचडीएमआय असायचा. या चारही बोर्डांवर नेमकं हेच त्रिकूट.

पहिला निर्णय: कोटेशन थांबवायचं का

मालकांची घाई समजण्यासारखी होती, एका मासिकाचा अंक, दोन दिवाळी अंक आणि एक गौरवग्रंथ एकाच वेळी अंगावर. त्यांना वाटत होतं दोन लाख जाऊदेत पण कटकट मिटूदे. मी म्हटलं, "सर, अर्धा तास द्या, तुमच्या केबिनमधलं मशीन वापरू का?"

त्या ब्रँडेड टॉवरच्या मागे दोन डिस्प्लेपोर्ट होते, वर्षभर रिकामे, प्लास्टिकची टोपणंही काढलेली नव्हती. आतली ग्राफिक्स चिप तीच, यूएचडी ६३०. मॉनिटरच्या खोक्यात डिस्प्लेपोर्टची केबल आलीच होती, पण 'हे आपल्याला लागत नाही' म्हणून चारही केबल पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेल्या, त्या काढल्या. लावलं. आणि परत ३० हर्ट्झ.

इथे प्रकरण हातातून जाता जाता राहिलं. खोलीत उभे असलेले सगळे म्हणायला लागले की बघा, म्हणजे प्रोसेसरच कमी पडतोय, दुकानदार बरोबर म्हणत होता. पण आकड्यांचा हिशोब तसं म्हणत नव्हता. मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत, खालच्या बटणांनी उघडतो त्यात, आत कुठेतरी डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची ओळ होती आणि ती १.१ वर होती. जुन्या मशीनशी जमावं म्हणून काही मॉनिटर कारखान्यातून असेच येतात. १.१ मध्ये चित्रासाठी ८.६४ गिगाबिट, म्हणजे पुन्हा तेच रडगाणं. ती १.२ केली, पडदा एकदा काळा होऊन परत आला, सेटिंगमध्ये ६० दिसलं. ताईंना बोलावून माऊस हातात दिला, त्यांनी पान वरखाली सरकवलं आणि म्हणाल्या, "हां, आता कसं!"

चिप तीच, विंडोज तेच, मॉनिटर तोच. दोन लाखांचं कोटेशन तिथेच बाजूला पडलं.

पर्याय काय काय होते

मॉनिटर परत करणं हा पहिला विचार, पण खोकी फुटलेली, दुकानदार घेईना, आणि घेतले असते तरी मूळ गरज तशीच राहिली असती.

रिझोल्यूशन उतरवून वापरणं. एचडीएमआय १.४ वर २५६० बाय १४४० हे ६० हर्ट्झला व्यवस्थित बसतं, म्हणून ते लावून बघितलं, माऊस मऊ झाला, पण एका पिक्सेलचे दीड पिक्सेल करायचे म्हटल्यावर प्रत्येक उभ्या रेघेची कड पुसट होते, आणि देवनागरीत उभ्या दांड्या किती असतात ते सांगायला नको. फुल एचडीवर उतरवलं तर एकाचे बरोबर चार होतात म्हणून कडा नीट राहतात, पण मग तीस हजार कशाला घातले.

कोणीतरी मोबाइलवर शोधून रंगाची माहिती कमी पाठवायची युक्ती काढली, ४:२:० म्हणतात ती. चार पिक्सेलना मिळून एकच रंग पाठवायचा, म्हणजे डेटा निम्मा होतो. सिनेमाला ठीक आहे. पण रंगीत पट्टीवर रंगीत मथळा असला की कडा फुटतात आणि मुखपृष्ठाचं काम करणाऱ्याला ते दाखवायचं म्हणजे विनोदच, सोडून दिलं.

बोर्ड बदलणं. तोच प्रोसेसर ठेवून डिस्प्लेपोर्टवाला बोर्ड घ्यायचा. तांत्रिकदृष्ट्या हा मला सगळ्यात स्वच्छ पर्याय वाटत होता, चिप सक्षम आहे, फक्त दार उघडून द्यायचं. पण बोर्ड बदलला की विंडोजचं अॅक्टिव्हेशन, फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते मशीनला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही), त्याचे जुने ड्रायव्हर, प्रत्येक मशीनवर वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट आणि कीबोर्ड सेटिंग, हे सगळं परत बसवायचं. एरवी मे महिन्यात केलं असतं. सप्टेंबरमध्ये दिवाळी अंकवाल्यांच्या ऑफिसात बोर्ड उघडायचा नाही.

कार्ड घालणं. दुकानदाराने यातही एक स्वस्त सुचवलं होतं, जीटी ७१०. ते घेतलं असतं तर पैसे देऊन तोच खड्डा विकत घेतला असता, कारण त्या कार्डाचं एचडीएमआयही ४के ला ३० हर्ट्झचंच. जीटी १०३० ला एचडीएमआय २.० आहे, ३० वॉटमध्ये चालतं, वेगळी पॉवरची वायर लागत नाही, त्यामुळे साध्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर भागतं. पण त्यातही दोन जाती: एक जीडीडीआर५ मेमरीची, सेकंदाला ४८ गिगाबाइट, आणि दुसरी नंतर आलेली डीडीआर४ ची, १६.८. खोक्यावर नाव तेच, 'जीटी १०३०, २ जीबी'. बारीक अक्षर वाचूनच घ्यायचं.

आणि एक पर्याय जो कोणाच्या तोंडून येत नव्हता तो म्हणजे मशीनच्या जागा बदलणं. ज्या दोन टॉवरना ४के पेलतं ती दोन्ही टॅली आणि मेलला लागलेली, आणि जिथे ४के हवं तिथे एचडीएमआयवाली मशीन. मालकांना मी हे म्हटल्यावर दोन मिनिटं शांतता. केबिनमधलं ब्रँडेड मशीन बाहेर द्यायचं आणि आत असेंबल्ड घ्यायचं हे पचायला जरा वेळ लागला, खोटं कशाला बोला. अकाउंट्सच्या मॅडमनी तर साफ सांगितलं, "जीएसटीचं रिटर्न भरून होईपर्यंत माझ्या मशीनला हात लावायचा नाही." बरोबर होतं त्यांचं.

काय केलं

केबिनमधला टॉवर त्याच दिवशी बाहेर आला, मुख्य मांडणी करणाऱ्या ताईंच्या टेबलावर. अकाउंट्सचा टॉवर रिटर्न भरून झाल्यावर. त्या दोन्हीवर ४के मॉनिटर डिस्प्लेपोर्टने, ६० हर्ट्झ, नवा खर्च शून्य. विंडोज नव्याने टाकलं नाही, एसएसडी काढून इकडची तिकडे असला प्रकारही केला नाही, दोन्ही टॉवरवर डीटीपीचं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट टाकले, डोंगल हलवलं. कंटाळवाणं काम, रात्री बसून केलं.

उरलेल्या दोन असेंबल्ड मशीनमध्ये जीटी १०३० घातलं, जीडीडीआर५ वालं, एकेक साधारण सहा हजारांना पडलं. ती जाड केबल तिथे कामाला आली, म्हणजे अगदीच वाया गेली असं नाही, जरी साध्या केबलनेही तेवढ्या अंतरावर भागलं असतं.

रॅमचा मुद्दा वेगळा होता आणि तो ३० हर्ट्झच्या गोंधळात कोणाच्या लक्षात येत नव्हता. ऑनबोर्डला स्वतःची मेमरी नसते, ते मशीनच्याच रॅममधून खातं. ४के चं एक चित्र म्हणजे ३३ एमबी, ते सेकंदाला ६० वेळा नुसतं पडद्यावर पाठवायला रॅममधून २ जीबी वाचावे लागतात, त्याआधी विंडो एकमेकांवर रचून ते चित्र तयार करण्याचा खर्च अजून वेगळा. डीडीआर४-२४०० ची एकच स्टिक सेकंदाला १९.२ जीबी देते, त्यातूनच प्रोसेसरही मागतोय. दुसरी तशीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली की दोन्ही चॅनल मिळून ३८.४. दोन्ही टॉवरमध्येही एकेकच स्टिक निघाली, कंपनीचं मशीन आहे म्हणून आत सगळं भरलेलं असेल असं समजू नका. तिथे ८-८ जीबीच्या आणखी दोन घातल्या, तीन हजारांच्या आत एक. मोठ्या फोटोंचं पान सरकवताना राहिलेली थोडी अडखळ त्याने गेली. कार्डवाल्या मशीनला मात्र दुसरी स्टिक घातली नाही, तिथे पडद्याचं ओझं कार्डाच्या मेमरीवर गेलं होतं, आणि मालकांना म्हटलं की हे नंतर बघू.

राहिला पेजमेकर. आधी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कंपॅटिबिलिटीच्या टॅबमध्ये डीपीआयची सेटिंग, म्हणजे दाट पडद्यावर सॉफ्टवेअर कोणी आणि कसं मोठं करायचं ती, बदलून बघितली. 'अॅप्लिकेशन' ठेवलं तर अक्षरं धारदार पण बटणं मुंगीएवढी, 'सिस्टम एनहान्स्ड' ठेवलं तर मेन्यू बरे पण पानावर काही ठिकाणी रेघा तुटक. शेवटी सरळ तोडगा काढला: त्या टेबलावर जुना २२ इंची मॉनिटर शेजारी परत लावला, ४के ला १५० टक्के स्केलिंग आणि जुन्याला १०० टक्के, आणि पेजमेकर कायम जुन्यावर उघडायचा. तिथे ताणणं नाही त्यामुळे धुरकटपणा नाही. ही ऑनबोर्ड चिप तीन पडदे एका वेळी सांभाळते, त्यामुळे त्यासाठी वेगळं काही लागलं नाही. मालकांना दोन मॉनिटर टेबलावर दिसायला आवडले नाहीत. ताईंना आवडले.

निकाल

चारही ४के ६० हर्ट्झवर. खर्च कार्डं आणि रॅम धरून अठरा हजारांच्या आत, कोटेशन दोन लाखांचं होतं. अंक वेळेवर गेले, पण त्याचं श्रेय मॉनिटरला देण्यात अर्थ नाही, ते रात्री जागणाऱ्यांचं. प्रुफाच्या एका फेरीचा कागद कमी झाला असं ताई म्हणतात, पडद्यावरच जोडाक्षरं कळतात म्हणून पहिली फेरी तिथेच निघते.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. डिस्प्लेपोर्टवर मॉनिटर बटणाने बंद केला की विंडोज समजतं की तो काढूनच टाकलाय, मग सगळ्या विंडो शेजारच्या जुन्या मॉनिटरवर जाऊन गोळा होतात आणि परत चालू केल्यावर बारीक होऊन कोपऱ्यात सापडतात. ड्रायव्हर नवे टाकले, थोडं कमी झालं, गेलं नाही. उपाय एवढाच की बटणाला हात लावायचा नाही, मशीन लॉक करून उठायचं.

मालकांच्या केबिनमध्ये आता असेंबल्ड मशीन आणि जुना फुल एचडी मॉनिटर आहे. मेलला तेवढं पुरतं.

वेगळं काय करता आलं असतं

एक, चार मॉनिटर एकदम घ्यायला नको होते. एक आणून, ऑफिसातल्या प्रत्येक मशीनला लावून, त्यावर दिवसभर काम करून बघितलं असतं तर ३० हर्ट्झची गोष्ट पहिल्याच दिवशी एकाच टेबलावर कळली असती. वापरणाऱ्या ताईंना दुकानात नेलं असतं तरी कळलं असतं, पण त्यांना विचारलंच गेलं नव्हतं, आणि पहिली तक्रार आली तेव्हाही सवयीवर ढकललं गेलं. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात महाग क्षण तोच, केबल आणि कोटेशन हे सगळं त्यानंतरचं.

दुसरं, चारही टेबलांना ४के हवंच होतं का, यावर माझं आणि मालकांचं अजून एकमत नाही. दोन टेबलांवर मुख्यतः टायपिंग आणि करेक्शन चालतं. तिथे २७ इंची २५६० बाय १४४० चे मॉनिटर घेतले असते तर किंमत बरीच कमी, जुन्याच एचडीएमआयवर ६० हर्ट्झ, कार्ड नको, स्केलिंगची भानगड नको, पेजमेकरही धुरकट झाला नसता. मालक म्हणतात सगळ्यांना सारखं दिलं नाही तर ऑफिसात कुरबुर होते. त्यांचं ऑफिस, त्यांना माहीत.

तिसरं बोर्डाबद्दल. २०१८ मध्ये मशीन जुळवताना थोडे पैसे जास्त घालून डिस्प्लेपोर्टवाला बोर्ड घेता आला असता, पण तेव्हा २२ इंची मॉनिटर होते आणि पाठीमागे कुठली भोकं आहेत हे कोण बघतं. एएमडीचं ऑनबोर्ड त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या रायझन २४००जी मध्ये एचडीएमआय २.० देऊ शकत होतं, पण तिथेही स्वस्त बोर्डांवर १.४ च लिहिलेलं सापडायचं, त्यामुळे नुसती कंपनी बदलून सुटका नव्हती. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये चिपमधूनच एचडीएमआय २.० मिळायला २०२१ ची अकरावी पिढी यावी लागली.

आणि हे जुनं झालं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं लागतं, त्यामुळे ऑफिसांतून निघालेली आठव्या पिढीची मशीन रिफर्बिश्ड बाजारात विकली जातायत आणि लोक त्यांना आता स्वस्त झालेले ४के मॉनिटर जोडतायत. असं मशीन घेत असाल तर विकणाऱ्याला पाठीमागच्या बाजूचा फोटो मागा. डिस्प्लेपोर्ट दिसला तर कार्डाचे पैसे वाचले, ब्रँडेड टॉवरला बहुतेक असतोच. फक्त एचडीएमआय दिसला तर बोर्डाचं मॉडेल विचारा आणि माहितीपत्रकात एचडीएमआयच्या ओळीत रिझोल्यूशनपुढे ३० लिहिलंय की ६० ते बघा. डिस्प्लेपोर्टवरून मॉनिटरच्या एचडीएमआयला जायचं असेल तर कन्व्हर्टर अॅक्टिव्ह घ्या, म्हणजे ज्यात सिग्नल बदलणारी चिप असते तो, साधा दीडदोनशे रुपयांचा पॅसिव्ह लावलात तर परत ३० वरच याल.